परिसर-अभ्यासातील वाक्य : बालकांच्या निरीक्षणशक्तीचा भाषिक विचार

१

प्राथमिक शिक्षणासंबंधीच्या लेखनात 'निरीक्षणशक्तीचा विकास' हा शब्दप्रयोग इतक्या वेळा येतो की, त्याचा अर्थ आता निश्चितच झालेला आहे असा वाचकाचा समज व्हावा. मुलांना वर्गाबाहेर न्यावे, नदी, शेत, बाजार, टपालकचेरी दाखवावी, म्हणजे निरीक्षण घडले, असे बहुधा गृहीत धरले जाते. परंतु दाखविणे ही शिक्षकाची क्रिया आहे आणि निरीक्षण ही मुलाची. पहिली झाली म्हणून दुसरी झालीच, असे म्हणता येत नाही.

हा भेद मराठी भाषेला जुना परिचयाचा आहे. बघणे, पाहणे, न्याहाळणे, निरखणे, टेहळणे ही क्रियापदे एकाच क्रियेची निरनिराळी नावे नव्हेत. पिकावर बसलेल्या पाखरांची टेहळणी करणारे मूल आणि आरशात तोंड न्याहाळणारे मूल यांच्या पाहण्यात हेतूचा फरक आहे. 'निरखणे' हे तर 'निरीक्षण' या संस्कृत शब्दाच्याच धातूपासून आलेले घरगुती रूप होय. घरात जे मूल वासराचे दात निरखते, त्यालाच शाळेत 'निरीक्षण करा' असे सांगितले की ते पुस्तकाकडे पाहू लागते. ही गोष्ट केवळ गमतीची नाही. ती परिसर-अभ्यास या विषयाच्या भाषेबद्दल काही सांगते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : निरीक्षणाचा आरंभ डोळ्यांत होत असला, तरी त्याची पूर्ती वाक्यात होते. जे पाहिले ते केव्हा, कोठे आणि कोणी केले हे सांगता येईपर्यंत ते पाहणे अस्फुटच राहते. लहान मुलांसाठी लिहिलेल्या परिसरविषयक पाठांतील प्रचलित वाक्यरचना मात्र नेमक्या याच तीन गोष्टी, म्हणजे काळ, स्थळ आणि कर्ता, गाळून टाकते. परिणामी विषय निरीक्षणाचा आणि भाषा निरीक्षणाला निरुपयोगी, अशी विसंगती उत्पन्न होते. या विसंगतीची तपासणी वारणानगर आणि त्याच्या भोवतालचा वारणाकाठ डोळ्यांसमोर ठेवून येथे करावयाची आहे.

२

प्रथम या विचाराची पूर्वपीठिका पाहणे आवश्यक आहे. शब्दाआधी वस्तू, हे सूत्र युरोपात पेस्टालोझी (१७४६–१८२७) याने आग्रहाने मांडले. त्याच्या अनुयायांनी त्यातून वस्तुपाठाची पद्धती तयार केली. १८३० साली एलिझाबेथ मेयो हिने इंग्रजीत वस्तुपाठांचे जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यातील पहिलाच पाठ काचेचा आहे. काच मुलांच्या हाती द्यावयाची आणि तिचे गुणधर्म त्यांच्याकडून काढून घ्यावयाचे, अशी मूळ कल्पना. व्यवहारात मात्र गुणधर्मांची यादी आधीच ठरलेली असल्यामुळे काच बाजूला राहिली आणि यादी पाठ होऊ लागली. पाठांतराला पर्याय म्हणून निघालेली पद्धती स्वतःच पाठांतराचा विषय झाली. मराठीत 'वस्तुपाठ' या शब्दाचे पुढे काय झाले तेही लक्षणीय आहे. आज आपण एखाद्याच्या वागण्याला 'साधेपणाचा वस्तुपाठ' म्हणतो. वस्तू हाताळून शिकणे हा अर्थ मागे पडला आणि अनुकरणीय आदर्श हा अर्थ उरला.

विसाव्या शतकात हाच विचार अनेक वाटांनी पुन्हा आला. १९३४ साली लुसी स्प्रेग मिचेल हिने लहान मुलांच्या भूगोलाविषयी लिहिताना मुलाचा लगतचा परिसर हीच त्याची प्रयोगशाळा मानली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या विचार आणि भाषा यांविषयीच्या ग्रंथात व्हिगॉट्स्कीने मुलाच्या अनुभवातून उगवणाऱ्या संकल्पना आणि शाळेतून मिळणाऱ्या शास्त्रीय संकल्पना यांचा परस्परसंबंध विशद केला. आपल्याकडे १९३७ च्या वर्धा योजनेने हस्तोद्योग, निसर्ग आणि समाज यांच्याभोवती सर्व विषय गुंफावयाचे ठरविले. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर जे कार्य केले, त्यातील कुरणशाळेचा प्रयोग येथे विशेष महत्त्वाचा वाटतो. गुरे चारणाऱ्या मुलांना शाळेत आणण्याऐवजी शाळाच कुरणावर नेली, एवढेच त्याचे वैशिष्ट्य नव्हते. त्या मुलांजवळ पाहण्याची सवय आधीपासून आहे, हे त्यात मान्य केलेले होते. १९७५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम-आराखड्याने प्राथमिक स्तरावर परिसर-अभ्यासाला अधिकृत स्थान दिले, २००५ च्या आराखड्याने त्यातील विज्ञान आणि समाज यांच्या एकात्मतेवर भर दिला, आणि २०२२ च्या पायाभूत स्तराच्या आराखड्याने तीन ते आठ वर्षांच्या मुलांच्या अनुभवाला केंद्रस्थान दिले.

धोरणाच्या पातळीवर, म्हणून, वाद उरलेला नाही. मुलाने परिसर पाहावा हे सर्वांना मान्य आहे. प्रश्न उरतो तो पाठाच्या वाक्याचा, आणि आराखडे वाक्यापर्यंत क्वचितच पोहोचतात.

३

पहिला लोप काळाचा होय. 'नदी आपल्याला पाणी देते', 'शेतकरी शेतात राबतो', 'शेजारी एकमेकांना मदत करतात' या धाटणीची वाक्ये परिसराच्या पाठांत सर्वत्र आढळतात. त्यांतील क्रियापद रीतिवाचक वर्तमानकाळाचे असते. या रूपाचा भाषेतील उपयोग निर्विवाद आहे. नियम, सवय आणि सर्वमान्य सत्य सांगण्यासाठी तेच योग्य. परंतु या वाक्यांना दिवस नसतो, त्यामुळे ती पडताळून पाहण्याची सोय नसते. जे वाक्य खोटे ठरूच शकत नाही, त्याच्यासाठी डोळे उघडण्याचे कारणही नसते.

याउलट 'आज पाणी खालच्या पायरीला लागले' हे वाक्य पाहावे. ते खरे की खोटे, हे नदीवर जाऊनच ठरेल. उद्या ते बदलेल, आणि बदलले की कालच्या वाक्याशी त्याची तुलना करावी लागेल. तुलना आली की कारण विचारावेसे वाटते : पाऊस येथे पडलेला नसता पाणी का चढले? वारणेचा उगम सह्याद्रीत आहे आणि तिच्यावर चांदोलीचे धरण आहे, हे उत्तर त्या प्रश्नाच्या पोटातून येते. तेच उत्तर प्रश्नाआधी दिले, तर ती केवळ माहिती होते.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मधील महापुरांनी कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील नदीकाठच्या वस्तीला पाण्याच्या चढउताराचा अर्थ कठोरपणे समजावून दिला. अशा वेळी या भागातील बोलीत 'पाणी चढालंय' आणि 'पाणी उतरालंय' असे दोन प्रयोग ऐकू येतात. दोन्हींत क्रिया चालू असल्याचे स्पष्ट चिन्ह आहे. त्यांपैकी कोणते वाक्य खरे, यावर घरातील धान्य माळ्यावर चढवावयाचे की नाही, जनावरे सोडावयाची की नाही, हे ठरते. ज्या मुलाने हे वाक्य ऐकले आणि स्वतः उच्चारले, त्याच्याजवळ निरीक्षणाची भाषा आहे. त्याच मुलाला 'नदी जीवनदायिनी आहे' असे लिहावयास लावले, तर त्याच्या अनुभवाचा आणि लेखनाचा संबंध तुटतो. भिंतीवर उरलेली पाण्याची रेघ हा अशा मुलासाठी इतिहासाचा पहिला पुरावा ठरू शकतो : ती कोणत्या पुराची, यापूर्वीची रेघ तिच्या वर होती की खाली, हे घरातील वडीलधाऱ्यांना कसे आठवते?

उसाचे उदाहरण अधिक शांत आणि म्हणून अधिक उपयुक्त आहे. वारणाकाठचे प्रमुख पीक ऊस हे मुलास सांगावे लागत नाही. पण 'ऊस' हा एक शब्द किती अवस्था झाकतो! आडसाली लागण पावसाळ्यात होते आणि तोड येईपर्यंत जवळजवळ दीड वर्ष जाते. पूर्वहंगामी त्यानंतरची, सुरू थंडीतील. तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटतो तो खोडवा. कांडी, डोळा, कोंब, सरी, वरंबा, पाचट, वाढे, तुरा या प्रत्येक शब्दामागे एक पाहणे आहे. दुसरीतील मुलांनी शाळेजवळचा एकच तुकडा निवडून पंधरा दिवसांतून एकदा त्याच्याविषयी एक वाक्य नोंदविले, तर तिसरीचे वर्ष सरता सरता त्यांच्याजवळ एका पिकाचा आद्यन्त वृत्तान्त तयार होईल. त्यात 'ऊस वाढतो' हे वाक्य कदाचित शेवटी येईल, परंतु तेव्हा ते त्यांचे स्वतःचे असेल.

४

दुसरा लोप स्थळाचा. भूगोलाच्या आरंभी मुलास दिशा शिकवितात आणि नकाशाची वरची बाजू उत्तर असते, असे सांगतात. तिसरीसाठी जिल्हानिहाय भूगोलाचे पुस्तक ही महाराष्ट्रातील दीर्घकाळ चालत आलेली चांगली प्रथा. जवळचे आधी, दूरचे नंतर, हे तत्त्व त्यात आहे. तथापि ज्या भूमीवर मूल उभे आहे, तिच्यावर 'वर' आणि 'खाली' हे शब्द आधीच वापरात असतात, याची दखल पाठ घेत नाही.

वारणानगरच्या मुलाची भूमी अशी आहे. उत्तरेस वारणा नदी, म्हणजे उतार. दक्षिणेस जोतिबाचा डोंगर आणि पन्हाळा, म्हणजे चढ. पश्चिमेकडून नदी येते, पूर्वेकडे ती जाते आणि सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेस मिळते. म्हणून व्यवहारात हे मूल नदीवर 'खाली' जाते, जोतिबाला 'वर' जाते, आणि पाणी चांदोलीच्या 'वरच्या अंगाने' येते. नकाशा समोर आला की सारे उलटते. ज्या उत्तरेला ते 'खाली' जात होते ती कागदावर 'वर' येते आणि जोतिबा पायथ्याशी जातो. मुलास नकाशा कळत नाही अशी तक्रार येथे उपस्थित होते. वास्तविक मूल दोन सुसंगत व्यवस्थांमध्ये अडकलेले असते, आणि त्यांपैकी एकच शाळेला ठाऊक असते.

उपाय कठीण नाही. नकाशातील 'वर' आणि जमिनीवरील 'वर' हे एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, हे मुलासमोर उघड मांडावे. नकाशा प्रथम जमिनीवर, नदीच्या बाजूला नदी ठेवून, रेखाटावा आणि मगच तो भिंतीवर चढवावा. नकाशा उभा केला म्हणजे नदी 'वर' गेल्यासारखी दिसते, पण प्रत्यक्षात ती गेलेली नाही. हा विस्मय मुलाच्या तोंडून निघू द्यावा. चिन्ह आणि वस्तू यांतील अंतराचे हे पहिले शिक्षण असून त्याचे मोल पाठ केलेल्या चार दिशांहून अधिक आहे.

स्थळाचा प्रश्न सीमेपाशी आणखी मार्मिक होतो. जिल्ह्याचा नकाशा वारणेपाशी थांबतो. पलीकडे सांगली जिल्ह्यातील शिराळा आणि वाळवा हे तालुके. मुलाची आत्या पलीकडे नांदत असेल, बाजार पलीकडचा असेल, पण अभ्यासाचा परिसर मात्र पाण्यापर्यंतच. आर्थिक व्यवहार ही रेघ मानीत नाही. १९९८ साली संगणकजाळ्याच्या प्रयोगासाठी वारणानगरभोवतीची जी ७० गावे निवडण्यात आली, ती दोन्ही जिल्ह्यांतील होती. मग ही नदी सीमा झाली कशी? या प्रश्नाचे उत्तर मुलाला इतिहासात नेते. छत्रपती शाहू आणि कोल्हापूरचे छत्रपती संभाजी यांच्यामध्ये १७३१ साली वारणेचा तह झाला आणि सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांच्या राज्यांमधील सीमा म्हणून या नदीला स्थान मिळाले. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, त्याच सुमारास दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. राज्ये गेली, संस्थान गेले, जिल्ह्याचे नाव बदलले, पण रेघ राहिली. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तहाची कलमे नकोत, पण रोज दिसणारी नदी ही माणसांनी ठरविलेली हद्द आहे, हे त्याला समजू शकते. नैसर्गिक आणि मानवनिर्मित यांतील भेद शिकविण्यास याहून जवळचे उदाहरण वारणाकाठी मिळणार नाही. जिल्ह्याच्या पाठात नदी हे 'वैशिष्ट्य' म्हणून येते आणि सीमा ही 'माहिती' म्हणून येते. दोन्ही एकच वस्तू आहेत, हे पाहण्याचे काम कोणीच करीत नाही.

५

तिसरा लोप कर्त्याचा असून तो सर्वांत गंभीर आहे. 'उसापासून साखर तयार होते', 'ऊस तोडून कारखान्यात नेला जातो', 'साखर पोत्यांत भरतात' ही पाठातील नेहमीची रचना. पहिल्या वाक्यात 'होणे' हे अकर्मक क्रियापद आहे. त्यात करणारा संभवतच नाही. दुसरे कर्मणी आहे, त्यात करणारा गाळलेला आहे. तिसऱ्यात क्रियापद अनेकवचनी आहे, पण भरणारे कोण ते सांगितलेले नाही. प्रक्रिया समजावून सांगताना ही रूपे सोयीची असतात. समाजशास्त्राच्या पहिल्या पाठात मात्र ती घातक ठरतात, कारण समाजशास्त्र म्हणजे मूलतः 'कोणी?' या प्रश्नाचे शास्त्र आहे.

वारणानगर हे गाव या दृष्टीने असामान्य आहे. विश्वनाथ अण्णा तथा तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याभोवती ते वाढले. दूध, शिक्षण, बाजार या संस्था त्याच्या आधाराने आल्या. हे गाव कोणीतरी, पाहता पाहता, केलेले आहे. 'आमच्या गावात कारखाना आहे' या वाक्याने येथे वस्तुस्थिती उलटी होते, कारण येथे कारखान्यापायी गाव आहे. सभासद म्हणजे कोण, मालक म्हणजे कोण, ऊस कोणाचा आणि त्याचे वजन कोण करतो, हे प्रश्न दुसरी-तिसरीच्या मुलाच्या आवाक्याबाहेरचे नाहीत. काट्यावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरपाशी त्यांतील निम्मे प्रश्न मूल स्वतःच विचारते.

आणि याच काट्यापाशी ऊसतोड कामगार येतात. हंगाम सुरू झाला की बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांच्या भाषेत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. उचल कोयत्यावर दिली जाते, टोळीची गणना कोयत्यांत होते. एका हत्याराच्या नावात दोन माणसे मोजली जातात, हे ध्यानात आलेल्या मुलाने श्रम, कुटुंब आणि मजुरी यांविषयी पुष्कळ काही पाहिले, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु 'ऊस तोडला जातो' या वाक्यात हा शब्द येण्याची वाटच नाही.

याच संदर्भात 'आपला' या शब्दाचा विचार केला पाहिजे. मराठीत 'आम्ही' श्रोत्याला वगळतो आणि 'आपण' त्याला सामावून घेतो. इंग्रजीत नसलेली ही सूक्ष्मता परिसराच्या पाठांनी एकाच दिशेने वापरली : आपला गाव, आपली नदी, आपला कारखाना, आपला परिसर. व्याकरण वाचणाऱ्या प्रत्येक मुलास आत घेते. पण तोडकऱ्याचे मूल, ज्याचे दिवाळीनंतरचे महिने शिवारातील कोपीत जातात आणि उरलेले बालाघाटाच्या डोंगरात, त्याचा 'आपला परिसर' कोणता? हंगामी साखरशाळांनी अशा मुलांना वर्गात बसविण्याचा प्रयत्न केला आहे, पण वर्गात बसल्यावर हातात येणारे वाक्य स्थायिक मुलाचेच असते. वास्तविक निरीक्षणाच्या दृष्टीने हे मूल अधिक संपन्न आहे. त्याने दोन माती, दोन पाणी, दोन बोली पाहिल्या आहेत. तुलना, जी स्थायिक मुलास मुद्दाम शिकवावी लागते, ती त्याच्या आयुष्याने त्याला दिली आहे. 'तिकडे विहिरीला पाणी नाही, इकडे पाटाला आहे' हे त्याचे वाक्य वर्गातील सर्वांत मौल्यवान वाक्य ठरू शकते. ते उच्चारले जाण्यासाठी परिसर हा एकवचनी शब्द आहे, हा आग्रह सोडावा लागेल.

६

येथवरच्या विवेचनातून एक व्यावहारिक प्रश्न उपस्थित होतो : मुलाचे वाक्य कोणत्या भाषेत असावे? कोल्हापूरच्या ग्रामीण भागात मुली स्वतःविषयी बोलताना 'मी गेलो', 'मी आलो' अशी रूपे वापरतात. 'करालाय', 'पडालाय' हे चालू क्रियेचे प्रकार सर्रास ऐकू येतात. समजा, दुसरीतील एक मुलगी म्हणाली, 'मी काल नदीला गेलो, पाणी गढूळ व्हालंय.' या वाक्यात काळ, स्थळ आणि पाहणारी व्यक्ती तिन्ही आहेत. शिवाय पाण्याच्या रंगातील बदल तिने टिपला आहे. शिक्षकाचा पहिला प्रतिसाद जर 'गेलो नव्हे, गेले' असा असेल, तर मुलीला कळते ते एवढेच की, शाळेत पाण्यापेक्षा प्रत्यय महत्त्वाचा. पुढच्या वेळी ती सुरक्षित वाक्य निवडील. सुरक्षित वाक्य पुस्तकात तयारच असते.

प्रमाण भाषा शिकवू नये, असा याचा अर्थ नाही. ग्रामीण मुलास प्रमाण भाषेपासून दूर ठेवणे हा त्याच्यावर अन्याय होईल. मुद्दा क्रमाचा आहे. आधी आशयाला उत्तर द्यावे : 'गढूळ? कालच्यापेक्षा जास्त की कमी?' नोंद झाल्यावर, दुसऱ्या दिवशी, तेच वाक्य लेखी भाषेत कसे होईल ते दाखवावे. दोन्ही रूपे फळ्यावर शेजारी ठेवली, तर भाषा हाही परिसराचाच एक भाग म्हणून निरीक्षणास उपलब्ध होतो. घरी एक रूप, पुस्तकात दुसरे, आणि बीडकडच्या मुलाच्या तोंडी तिसरे, हे मुलांना ऐकू येतच असते.

७

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, शास्त्राचे ध्येय सामान्य विधान हेच असते. विशिष्ट वाक्यांच्या राशी जमवून ज्ञान होत नाही. आक्षेप बरोबर आहे, आणि व्हिगॉट्स्कीच्या विवेचनाचा रोखही तोच आहे : शाळेने दिलेली संकल्पना नसेल, तर अनुभव विखुरलेला राहतो. परंतु त्याच विवेचनात हेही आहे की, अनुभवाशी गाठ न पडलेली संकल्पना पोकळ शब्द ठरते. म्हणून सामान्य विधान हवेच. ते पाठाच्या आरंभी असावे की अखेरीस, एवढाच वादाचा विषय आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. समाजातील पुष्कळ गोष्टी डोळ्यांना दिसतच नाहीत. मालकी, कर्ज, भाव, जात, अधिकार यांना आकार किंवा रंग नाही. केवळ दिसण्यावर विसंबणारे शिक्षण मुलाला भोळे ठेवील. वस्तुपाठाच्या परंपरेची ही खरी मर्यादा होती. काच पाहून तिचे गुणधर्म सांगता येतात, पण सहकारी संस्था पाहून सभासदत्व दिसत नाही. यावर उत्तर असे की, न दिसणाऱ्याकडे जाण्याची वाट 'कोणी?' आणि 'कोणाचे?' या प्रश्नांतूनच जाते. हे प्रश्न विचारण्याची सवय मुलाला कर्ता असलेल्या वाक्यातून लागते. निरीक्षणाला विचारणे जोडले, घरातील, गावातील, टोळीतील माणसांना विचारणे, तरच ते सामाजिक अभ्यास या नावाला पात्र होते. मुलाच्या स्वतःच्या अभिव्यक्तीला शिक्षणाच्या मध्यभागी ठेवता येते, याचा पुरावा दूर शोधावयास नको. लीला पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाचा अनुभव जवळच आहे.

अडचण बहुधा शिक्षकाच्या इच्छेची नसून परीक्षेच्या प्रश्नाची असते. 'नदीचे उपयोग लिहा' या प्रश्नाचे उत्तर नदी न पाहता देता येते, आणि अधिक चांगले देता येते. 'तुमच्या गावच्या नदीत गेल्या महिन्यात कोणता बदल झाला? तो तुम्हांला कशावरून कळला?' या प्रश्नाचे उत्तर तसे देता येत नाही. त्याची आदर्श उत्तरपत्रिका तयार करता येत नाही, ही त्याची प्रशासकीय गैरसोय आहे, आणि शैक्षणिक गुणही तोच आहे. पाठ्यपुस्तकातील प्रत्येक परिसरविषयक पाठाच्या आरंभी मुलाच्या वाक्यासाठी चार रिकाम्या ओळी ठेवल्या आणि सामान्य विधाने पाठाच्या अखेरीस नेली, तरी विषयाचे स्वरूप पुष्कळ पालटेल. त्यासाठी नवा आराखडा लागणार नाही.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांना या क्षेत्रात करण्यासारखे काम आहे. सहा ते नऊ वर्षांची मुले न सांगता परिसराविषयी कोणती वाक्ये उच्चारतात, त्यांत रीतिवर्तमान किती, भूतकाळ किती, कर्ता कोठे गळतो, शाळेत एक वर्ष घालविल्यावर हे प्रमाण कसे बदलते, याचे संकलन मराठीत पद्धतशीरपणे व्हावयास हवे. वारणेच्या दोन्ही तीरांवरील शाळा, आणि हंगामात तेथे येणारी तोडकऱ्यांची मुले, हे अशा संकलनासाठी अनुकूल क्षेत्र होय. नदी एकच, जिल्हे दोन, आणि बोली किमान दोन असल्यामुळे भाषा, शाळा आणि परिसर यांचे परिणाम एकमेकांपासून वेगळे करून पाहण्याची सोय तेथे आहे. हे संकलन झाले, तर मुलांच्या निरीक्षणशक्तीविषयी बोलताना अनुमानापेक्षा मुलांच्याच वाक्यांचा आधार घेता येईल.